ताउलच्या सांत क्लिमेंत चर्चचा चाप : १:१० प्रतिकृतीच्या प्रकल्प नोंदी

७ ऑक्टोबर २०२४ : आराखडा

स्पेनच्या कातालुन्या प्रांतात पिरेनीज पर्वतातलं बोई खोरं आहे. त्या खोऱ्यात सुमारे १५०० मीटर उंचीवर ताउल हे गाव आणि तिथलं चर्च सांत क्लिमेंत. आजच्या वास्तूचा अभिषेक १० डिसेंबर ११२३ रोजी झाला. खोऱ्यातली नऊ चर्च २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यात ताउलची दोन आहेत.

अख्ख्या चर्चची प्रतिकृती करायची नाही. वेदीमागचा अर्धगोल भाग, म्हणजे मधला चाप, तेवढाच करायचा. कार्ले-भाजे पाहिलेल्याला चापाकार गृहाची मागची गोलाई वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तो खऱ्या चुन्यात, खऱ्या बांधकामात उभा करायचा, ओल्या गिलाव्यावर फ्रेस्को रंगवायचा, मग तेच चित्र सरस आणि कापड वापरून भिंतीवरून उतरवायचं. शेवटी दोन वस्तू शेजारी ठेवायच्या : उतरवलेलं चित्र आणि चित्र गेलेली भिंत.

मूळ चित्र शंभर वर्षांपूर्वी बार्सिलोनाला गेलं, भिंत ताउलमध्येच राहिली. पुस्तकात चित्र दिसतं, पर्यटकाच्या फोटोत घंटामनोरा दिसतो. भिंत आणि चित्र एकाच गवंडीकामाचे दोन थर होते, हे मात्र दोन्हीकडे दिसत नाही. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना नेमकं तेच हाताने कळावं, यासाठी हे काम.

१२ ऑक्टोबर : मापं

बार्सिलोनाचं राष्ट्रीय कला संग्रहालय चापाची मापं ६२० × ३६० × १८० सेंमी अशी देतं. रुंदी ३६०, खोली १८०, म्हणजे तळाचा आकार अर्धवर्तुळ, त्रिज्या १८० सेंमी. वरचा पाव गोल त्याच त्रिज्येचा धरला तर खालची उभी भिंत ६२० − १८० = ४४० सेंमी उरते. मूळ बांधकाम इतकं काटेकोर गोल नसतं. हाताने रचलेल्या दगडात दोन-चार सेंमीचा फरक सहज असतो. प्रतिकृतीला हे गणित पुरेसं आहे.

१:१० ने त्रिज्या १८ सेंमी, उभी भिंत ४४ सेंमी. रंगवायचं क्षेत्र असं :

उभा भाग = π × १८ × ४४ ≈ २४८८ चौ. सेंमी
पाव गोल = π × १८ × १८ ≈ १०१८ चौ. सेंमी
एकूण सुमारे ०.३५ चौ. मीटर. प्रत्यक्षात याच्या शंभरपट, म्हणजे ३५ चौ. मीटर.

उभ्या भागाच्या मधोमध एक खिडकी आहे. ती गाळली तर चित्राच्या खालच्या ओळीतल्या आकृत्या का सरकल्या आहेत ते कळणारच नाही, म्हणून ती ठेवायची. खिडकीच्या कडा आतल्या बाजूला तिरक्या उघडतात. बाहेर चीर अरुंद आणि आत रुंद असल्याने थंडी कमी शिरते, उजेड मात्र पसरतो.

गिलाव्याची एकूण जाडी १० मिमी ठरवली. म्हणजे बांधकामाची आतली त्रिज्या १९ सेंमी हवी. साचा १९ चाच बनवायचा, १८ चा बनवला तर गिलाव्याला जागाच उरत नाही.

१५ ऑक्टोबर : चुना

जूनमध्ये कळीचा चुना पाण्यात विरवून हौदात मुरत ठेवला आहे. चार महिने झाले. वर दोन बोटं पाणी कायम ठेवायचं. पाणी आटलं की वरचा थर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडा होतो आणि तो लगद्यात मिसळला तर गिलाव्यात कणी राहते. आज ३ मिमीच्या आणि मग १ मिमीच्या चाळणीतून गाळला. न विरलेले कण चाळणीवर राहिले, ते फेकले. असा एक कण भिंतीत गेला तर महिन्यांनंतर ओल शोषून फुगतो आणि रंगासकट खपली उडवतो. चुना मुरवण्यात घाई केली की हेच होतं.

दुकानातली चुन्याची पूड इथे चालणार नाही. ती साठ्यातच अर्धी निकामी झालेली असू शकते, शिवाय मुरलेल्या लगद्याचा लोण्यासारखा चिकटपणा तिला येत नाही. सिमेंट अजिबात नको. सिमेंटच्या गिलाव्यातले क्षार पृष्ठभागावर येऊन रंगावर पांढरे डाग पाडतात, आणि त्या कडक थरातून चित्र नीट सुटत नाही.

२१ ऑक्टोबर : बांधणी

प्लायच्या फासळ्या आणि वर प्लास्टर ऑफ पॅरिसची साल असा साचा केला. त्यावर मेणाचा हात. बाहेरून फोडलेल्या विटांचे २ ते ३ सेंमीचे तुकडे, चुना १ : विटांचा चुरा १ : वाळू २ या मसाल्यात रचले. जाडी ४ सेंमी. सरासरी त्रिज्या २१ धरून सुमारे १७ लिटर बांधकाम होतं, वजन साधारण ३० किलो. खाली १८ मिमी प्लायचा पाट आणि चार हुक आधीच बसवले, नंतर उचलायला दुसरी जागा मिळत नाही.

मूळ भिंत दगडाची आहे. विटांचे तुकडे घेतले कारण इतक्या लहान त्रिज्येत दगडाचे तुकडे पकडत नाहीत, आणि वीट पाणी शोषते. हा फायदा आहे तसा धोकाही : गिलाव्याआधी भिंत दोन दिवस भिजवली नाही तर ती चुन्यातलं पाणी ओढून घेते आणि गिलावा भुसभुशीत राहतो.

साचा पंधरा दिवस ठेवायचा. पाव गोल हा अर्धा घुमट आहे आणि पुढच्या उघड्या कडेला त्याला धरणारं काही नसतं. प्रत्यक्ष चर्चमध्ये चापाच्या पुढे कमान आहे, ती कड पकडते. प्रतिकृतीतही पुढे ६ सेंमी रुंदीची कमान ठेवली आहे. तिच्याशिवाय साचा काढताच पुढच्या कडेला तडे जातात.

२८ ऑक्टोबर : चर्चविषयी, माहितीफलकासाठी

बांधकाम सुकेपर्यंत मजकूर.

बोई खोऱ्यावर एरिल घराण्याची सत्ता होती. आरागोनच्या राजाच्या दक्षिणेकडच्या लढायांत या घराण्याने भाग घेतला. खोऱ्यातल्या लहान लहान गावांत एवढी चर्च एकाच काळात उभी राहण्यामागे त्या लढायांतून आलेला पैसा होता. सांत क्लिमेंतचा अभिषेक रोदा-बार्बास्त्रोचे बिशप रामोन यांनी केला. दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबरला, त्यांनी त्याच गावातल्या सांता मारियाचा अभिषेक केला. डिसेंबरात, बर्फाच्या दिवसांत, एका खेड्यात लागोपाठ दोन चर्चचे अभिषेक! गावामागे किती मोठी ताकद उभी होती ते यावरून कळतं.

ही तारीख कागदावरून आलेली नाही. सभागृहातल्या एका खांबावर रंगाने लॅटिन मजकूर लिहिला होता : बिशप आले, संत क्लेमेंट यांच्या सन्मानार्थ हे चर्च अर्पण केलं, वेदीत संत कोर्नेलियस यांचे अवशेष ठेवले. तो रंगवलेला तुकडाही आता बार्सिलोनात आहे. यातून एक वास्तुशास्त्रीय गोष्ट हाती लागते : खांबावर अक्षरं रंगवली होती म्हणजे खांबाला गिलावा होता. आज आत शिरल्यावर उघडा दगड दिसतो आणि तोच जुना, अस्सल वाटतो. ११२३ साली भाविकाला तिथे गिलावा आणि रंग दिसत होता.

गोव्यात हीच गल्लत मोठ्या प्रमाणात झाली. जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बॅसिलिकाचा बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला आणि आतला जांभा उघडा पडला. तेव्हापासून दर पावसाळ्यात तो झिजतो आहे. पर्यटकाला मात्र तो लालसर दगडच मूळ रूप वाटतो. गिलावा हा भिंतीचा भाग आहे, सजावट नव्हे. फलकावर हे ठळक लिहायचं.

रचना थोडक्यात : तीन दालनं, मधलं रुंद. दालनांच्या मध्ये गोल बांधीव खांब, त्यांना कोरीव शीर्ष नाही. पूर्वेला तीन अर्धगोल चाप. वर दगडी घुमट नसून लाकडी छप्पर, त्यावर स्लेटच्या पाट्या. छप्पर हलकं म्हणूनच खांब इतके सडपातळ ठेवता आले. दगडी छत असतं तर बाजूला रेटा आला असता आणि जाड भिंती व बाहेरचे टेकू लागले असते. बाहेरून चापावर लोंबार्ड पद्धतीची सजावट आहे : उभ्या पट्ट्या आणि वर त्यांना जोडणाऱ्या लहान आंधळ्या (भिंतीत न उघडणाऱ्या) कमानी. इटलीतल्या लोंबार्दीत रुळलेली ही पद्धत गवंड्यांच्या टोळ्यांबरोबर पिरेनीजपर्यंत पोचली. या पट्ट्या भिंतीला थोडी बळकटी देतात आणि मोठा सपाट पृष्ठभाग तोडतात. त्यामुळे कमी घडलेल्या लहान दगडांतही काम नेटकं दिसतं.

घंटामनोरा आग्नेय कोपऱ्याला, चौरस, जोत्यावर सहा मजले. वर जाताना खिडक्या एकेरीच्या जोड होतात, एका मजल्यावर तिहेरीही आहेत. मधल्या बारीक खांबांवर कमानी तोललेल्या. वरच्या मजल्यांत जितकी पोकळी जास्त तितकं खाली येणारं वजन कमी, आणि घंटेचा आवाजही तितका मोकळा. मनोऱ्यावर एक वेगळी प्रतिकृती सहज होईल, पण या प्रकल्पात नाही.

८ नोव्हेंबर : साचा काढला, पहिला थर

साचा निघाला. पुढच्या कमानीच्या डाव्या खांद्याला केसाएवढी भेग आहे, ती हलत नाही, म्हणून तशीच ठेवली.

भिंत दोन दिवस भिजवली. पहिला थर ७ मिमी : चुना १ भाग, नदीची धुतलेली वाळू २.५ भाग. वाळू ३ लिटर आणि चुना १.२ लिटर घेतला, वाया जाणारं धरून बरोबर पुरलं. वाळूच्या कणांमधल्या पोकळीत चुना बसतो, म्हणून मिश्रणाचं आकारमान जवळजवळ वाळूइतकंच भरतं.

प्रतिकृती लहान म्हणून वाळूही दहापट बारीक घ्यायचा मोह होतो. घ्यायची नाही. बारीक वाळूला चुना जास्त लागतो, चुना जास्त झाला की सुकताना आकसतो आणि जाळीसारखे तडे पडतात. २ मिमीपर्यंतचे कण ठेवले. पृष्ठभाग थापीने गुळगुळीत न करता लाकडी रंध्याने खरबरीत सोडला, पुढच्या थराला पकड हवी.

पाव गोलात थापी चालत नाही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा हातावर गुंडाळून दाबत गेलो. त्रिज्या तपासायला १८.३ सेंमी त्रिज्येचा प्लायचा अर्धचंद्र मध्यावर फिरवला.

२ डिसेंबर : चित्राची मांडणी

वरच्या पाव गोलात बदामाच्या आकाराच्या प्रभावळीत बसलेला ख्रिस्त. उजवा हात आशीर्वादाचा, डाव्या हातात उघडा ग्रंथ, त्यावर 'एगो सुम लुक्स मुंदी', म्हणजे 'मी जगाचा प्रकाश आहे'. दोन्ही बाजूंना आल्फा आणि ओमेगा, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर. भोवती देवदूत आणि चार शुभवर्तमानकारांची प्रतीकं. खालच्या ओळीत रंगवलेल्या कमानींखाली मरिया आणि प्रेषित. मरियेच्या हातातल्या वाडग्यातून किरण निघतात. पुढच्या कमानीवर सात डोळ्यांचं कोकरू, देवाचा हात, आणि श्रीमंताच्या दारात पडलेला लाजर, ज्याच्या जखमा कुत्रा चाटतो आहे.

हे चित्र सपाट कागदावर छापलं की ख्रिस्ताचे गुडघे आणि पाय विचित्र लांब दिसतात. गोलाईत ते तसे दिसत नाहीत. पाव गोलाची वरची बाजू बघणाऱ्याकडे झुकते, खालची उभी राहते. चित्रकाराने गणित केलं होतं ते मधल्या दालनात खाली उभ्या असलेल्या माणसासाठी. म्हणून प्रतिकृतीसाठी फोटोवरून सरळ आखणी चालणार नाही. पाव गोलाचे २० अंशांचे ९ भाग केले. प्रत्येकाची तळाची रुंदी ५६.५ ÷ ९ = ६.३ सेंमी, माथ्यापर्यंतची लांबी २८.३ सेंमी. फोटोतला प्रत्येक भाग या पाकळीत वेगळा बसवला.

९ ते ११ डिसेंबर : फ्रेस्को

वरचा थर ३ मिमी : चुना ०.८ लिटर, बारीक वाळू १.२ लिटर. रोमानेस्क काळात, म्हणजे युरोपच्या साधारण अकराव्या-बाराव्या शतकात, भिंत साधारणपणे मचाणाच्या उंचीप्रमाणे आडव्या पट्ट्यांत रंगवत. पुढच्या शतकांत प्रचलित झालेली, एका दिवसात रंगवता येईल एवढाच तुकडा लिंपण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. त्यामुळे मोठा पट्टा अर्धा सुकायचा आणि शेवटचे हात चुन्याच्या पाण्यातून द्यावे लागायचे. आपणही तीन पट्टे केले : पाव गोल, प्रेषितांची ओळ, तळ. वरचा आधी. खालच्या पट्ट्याचा गिलावा वरच्याच्या कडेवर थोडा चढतो. तिरक्या उजेडात हा सांधा दिसतो, आणि काम वरून खाली झालं हे त्यावरूनच वाचता येतं.

रंगांविषयी. फ्रेस्कोत डिंक-सरस काही नसतं. रंग फक्त पाण्यात कालवतात. गिलाव्यातला चुना पृष्ठभागाकडे येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पुन्हा चुनखडी होतो आणि रंगाचे कण त्या पारदर्शक सालीत अडकतात. म्हणून चुन्याच्या तिखट अल्कलीत टिकणारेच रंग चालतात.

तांबडा : हिरमुजी. पिवळा : पिवळी माती. काळा : कोळशाची पूड. पांढरा : दोन वर्षं मुरलेला चुनाच. ताउलच्या चित्रात हिंगुळाचा लालही आहे, तो इथे वापरला नाही. प्रदर्शनातल्या उजेडात काही प्रकारचा हिंगुळ काळवंडतो.

निळ्याचा प्रश्न मोठा होता. कातालान पिरेनीजमधल्या भित्तिचित्रांत एरिनाइट नावाचं स्थानिक खनिज सापडतं. त्याचा निळा किंचित राखाडी, हिरवट झाक असलेला. इथल्या बाजारात तो मिळत नाही. चार नमुने रंगवले. प्रशियन निळा रात्रीत तपकिरी झाला, अल्कली त्यातलं लोह मोकळं करते. नीळ फिकटली. कृत्रिम अल्ट्रामरीन टिकला, पण फार भडक. अल्ट्रामरीन ५ भाग, हिरवी माती २, कोळसा अर्धा भाग हे मिश्रण सगळ्यात जवळचं. स्थानिक डोंगरातून निघालेल्या दगडाने त्या चित्राचं आकाश रंगवलं होतं, आणि आयात रंगाने ते दाखवावं लागतं. फलकावर तसं लिहायचं.

प्रभावळीसाठी कंपासच्या खुणा आणि दोरी ओढून पाडलेल्या रेषा ओल्या गिलाव्यात कोरल्या. आधी हिरमुजीने रेखाटन, मग सपाट रंग, मग काळी बाह्यरेषा, शेवटी चुन्याचे पांढरे हात. क्रम उलटला तर काळी रेषा खालच्या रंगात मिसळून मळते.

गिलावा लिंपल्यावर लगेच रंग लावायचा नाही. बोट टेकवलं तर ठसा उमटावा पण चुना बोटाला लागू नये, तोवर थांबायचं. आजच्या हवेत दीड ते दोन तास लागले. त्यानंतरचे पाच-सहा तास चांगले. पुढे ब्रश पृष्ठभागावर घासल्यासारखा अडखळू लागला की रंग आत जात नाही, वर बसतो आणि सुकल्यावर हाताला लागतो.

२० जानेवारी २०२५ : १९०७ ते १९२३

गिलावा पक्का होईपर्यंत थांबायचं आहे. ३ मिमीचा थर पुरता चुनखडी व्हायला ढोबळमानाने चार महिने धरले आहेत. तोवर फलकाचा दुसरा भाग.

१९०७ साली कातालान अभ्यास संस्थेची मोहीम या खोऱ्यांत गेली. नेतृत्व वास्तुविशारद जुझेप पुच इ कादाफाल्क यांचं, छायाचित्रं आदोल्फ मास यांची. चापाचा खालचा भाग तेव्हा नंतरच्या लाकडी वेदीफलकाआड होता. यानंतर चित्रांच्या नकला करून छापल्या गेल्या. बाहेरच्या जगाला कळलं, आणि खरेदीदारांनाही.

१९१९ साली दुसऱ्या एका गावातल्या, सांता मारिया दे मुर चर्चच्या चापाचं चित्र विकलं गेलं आणि भिंतीवरून उतरवलं गेलं. ते पुढे बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात पोचलं. उतरवणारा कारागीर इटलीतल्या बेर्गामोचा फ्रांको स्तेफानोनी. बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळातले जुआकिम फोल्क इ तोरेस यांनी धोका ओळखला. विक्री थांबवायचा एकच खात्रीचा मार्ग होता : उरलेली चित्रं आपणच विकत घेऊन उतरवायची. मंडळाने त्याच स्तेफानोनीला नेमलं. १९१९ ते १९२३ दरम्यान खोऱ्यांतली चित्रं कापडावर निघाली, गुंडाळली गेली, खेचरांवरून डोंगर उतरून बार्सिलोनाला गेली.

त्या परिस्थितीत हा निर्णय योग्य होता असं आमचं मत आहे. भिंतीवर राहिली असती तर ती आज वेगवेगळ्या देशांत विखुरली असती. पण किंमतही मोठी होती, आणि ती किंमत नेमकी काय होती हे पुढच्या टप्प्यात हातात येईल.

२४ मार्च : सरसाच्या चाचण्या

फ्रेस्कोच्याच दिवशी, त्याच मसाल्यात केलेल्या २० × २० सेंमीच्या चाचणी-फरशा. पद्धतीचं नाव स्त्राप्पो. तत्त्व : सरस सुकताना आकसतो. त्याचा ओढा रंगाच्या सालीची गिलाव्यावरची पकड जितकी, त्याहून जास्त हवा, पण गिलाव्याची स्वतःची मजबुती तुटेल इतका नको. सगळं काम या दोन मर्यादांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात चालतं.

सरस रात्रभर थंड पाण्यात फुगवला, दुहेरी भांड्यात ६० ते ६५ अंशांवर वितळवला. उकळी येऊ द्यायची नाही, जास्त तापला की त्याची ताकद जाते.

सरस १ : पाणी १ (वजनाने). कापडात शिरायच्या आधीच थिजला. काही ठिकाणी गिलाव्याचे ढेकळे घेऊन आला, काही ठिकाणी काहीच आलं नाही.
१ : २.५. कापड स्वच्छ सुटलं, रंग भिंतीवरच. ओढा अपुरा.
१ : १.५. रंगाची साल सलग आली, मागे अर्धा मिमीपेक्षाही कमी चुना.

एका फरशीवर काही तपशील सुकल्यानंतर डिंकाच्या रंगाने काढले होते. कोमट सरस लागताच ते ओघळले. म्हणजे सुक्या हातांनी दिलेले तपशील या पद्धतीत आधी मरतात. जुन्या भित्तिचित्रांत डोळ्यांच्या कडा, दागिने, कपड्यांचे शेवटचे पांढरे हात बहुधा सुकेच असतात. उतरवलेल्या चित्रात जे सपाट, कोरडं वाटतं त्याचं एक कारण हे.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. पुण्याच्या मार्चअखेरच्या दुपारी हवा इतकी कोरडी की कडा आधी सुकतात आणि मधला भाग ओला असतानाच उचकटतात. रंग तिथेच फाटतो. पावसाळ्यात उलट, सरस सुकतच नाही आणि बुरशी धरतो. उपाय : सकाळी काम, खिडक्या बंद, पहिले १२ तास वरून प्लास्टिकची सैल चादर, नंतर ती मध्यापासून कडांकडे हळूहळू उघडायची. मध्य आधी सुकला पाहिजे.

१४ ते १७ एप्रिल : उतरवणं

कापड दोन थरांत : आधी मलमल, मग मांजरपाट. दोन्ही गरम पाण्यात दोनदा धुऊन खळ काढली. खळ राहिली तर सरस धाग्यात शिरत नाही आणि मांजरपाट नंतर वेगळा आकसतो.

मलमलीच्या ९ पाकळ्या पाव गोलासाठी, प्रत्येक कडेला १ सेंमी एकावर एक. गोलाई सपाट कापडाने झाकता येत नाही. एकच मोठा तुकडा वापरला की सुरकुती पडते आणि सुरकुतीखाली रंग निघत नाही. उभ्या भागासाठी १२ सेंमी रुंदीच्या पट्ट्या, खालून वर. सुक्या सरसाचे ४०० ग्रॅम आणि ६०० मिली पाणी दोन्ही थरांना पुरलं. मांजरपाट मलमल अर्धवट सुकल्यावर, बोटाला चिकट लागत असताना लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कापड टणक वाजू लागलं. खिडकीची खालची कड कापून तिथून सुरुवात केली. ओढा नेहमी भिंतीलगत, शक्य तितका समांतर ठेवायचा. भिंतीपासून बाहेर खेचलं की साल मोडते. अडेल तिथे पातळ, बोथट पट्टी आतून सरकवायची. उभा भाग अर्ध्या तासात आला. पाव गोलाला जास्त वेळ लागला, कारण ताठ झालेलं कापड गोलाईतून बाहेर पडायला वाकत नाही. पाकळ्यांच्या सांध्यांवर मांजरपाट कापून मग चित्र तीन भागांत काढलं. मूळ चापातही चित्र एका तुकड्यात निघणं शक्य नसतं.

भिंतीकडे पाहिलं तर चित्र तिथेही आहे. फिकट, चुन्याच्या धुक्यातून दिसावं तसं. हिरमुजीचं पहिलं रेखाटन, कंपासच्या खुणा, दोरीच्या रेषा, प्रभावळीची कड. सालीत गेला तो वरचा रंग. ओल्या चुन्यात खोल शिरलेला आणि कोरलेला भाग भिंतीने ठेवला. म्हणजे चित्रकाराचा हात दोन ठिकाणी वाटला गेला : रंग आणि चेहरा संग्रहालयात, आखणी आणि पट्ट्यांचे सांधे चर्चमध्ये. या कामासाठी एकच फलक लावायची परवानगी असती तर त्यावर हेच लिहिलं असतं.

२१ एप्रिल : नवा आधार

कापडावर चित्र उलटं, मागची बाजू वर. प्युमिस दगडाने मागचा चुना समतल केला. रंग मागून दिसू लागला की थांबायचं.

चिकटवायला चुन्याचं केसीन. साय काढलेलं दूध व्हिनेगरने फाडून धुतलेलं केसीन ४ भाग, मुरलेला चुना १ भाग, खलात घोटून. पाच मिनिटांत घट्ट गोळा पातळ, चिकट होतो. दोन-तीन तासांत वापरून संपवायचं. निवडीचं कारण : घट्ट झाल्यावर ते पाण्यात विरघळत नाही, पुढचा सरस मात्र गरम पाण्यात विरघळतो. त्यामुळे मागची बाजू पक्की झाल्यावर पुढचं कापड गरम पाण्याने सुटतं. तोटाही तोच : एकदा लावलं की परत काढता येत नाही, आणि ओल-कोरड्यात ते ताणतं-आकसतं.

आधार १८ सेंमी त्रिज्येच्या लाकडी फासळ्यांवर ताणलेलं जाड सुती कापड. बार्सिलोनातही चित्रं चापाचा आकार देणाऱ्या लाकडी सांगाड्यांवर बसवली आहेत. सपाट टांगली असती तर ख्रिस्ताचे गुडघे पुन्हा लांब झाले असते.

२८ एप्रिल : पुढचं कापड काढलं

६० अंशांच्या पाण्यात बुडवलेली फडकी, वरून पिळून, पाच-पाच मिनिटं. मांजरपाट आधी, मग मलमल. घासायचं नाही. उरलेला सरस स्पंजने तीन पाण्यांत धुतला, राहिला तर तो पुढेही आकसत राहतो आणि रंगाच्या कडा वर उचलतो. मरियेच्या वाडग्याजवळ नाण्याएवढा तुकडा भिंतीवर राहिला आहे. तो रंगवून भरायचा नाही.

५ मे : अजिंठ्याचा फलक

शेवटचा फलक आपल्याकडचा. स्तेफानोनी पिरेनीजमध्ये चित्रं उतरवत होता त्याच वर्षांत, १९२० ते १९२२, निजामाच्या राज्याने लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याला आणलं. तेव्हा राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी होते. चेक्कोनींनी चित्रं उतरवली नाहीत. सुटणारा गिलावा जागेवर पकडला, कडा बंद केल्या, वर लाखेचा थर दिला. तो थर पुढे पिवळा पडला आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला तो काढण्यासाठी बरीच वर्षं खपावं लागलं.

अजिंठ्याला स्त्राप्पो चाललाच नसता. तिथला गिलावा मातीचा, त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि रंग सुक्या पृष्ठभागावर चिकट द्रव्यात. मार्चमधल्या डिंकाच्या फरशीवर जे झालं तेच झालं असतं : कोमट सरसाने रंग सैल आणि माती ओली. चुन्यातल्या फ्रेस्कोची मजबुतीच त्याला भिंतीपासून वेगळं करता येण्याजोगं बनवते. अजिंठ्याचं चित्र नाजूक, म्हणून बहुतांश जागेवर राहिलं. तरी काही तुकडे खरवडून नेले गेलेच. बॉस्टनच्या ज्या संग्रहालयात मुरचा चाप आहे, तिथेच अजिंठ्याचाही एक तुकडा आहे.

१२ मे : मांडणी

दोन्ही वस्तू एकाच उंचीवर, मध्ये ४० सेंमी अंतर. भिंतीवर डावीकडून तिरका दिवा, म्हणजे कोरलेल्या रेषा आणि पट्ट्यांचे सांधे उठून दिसतील. चित्रावर समोरून मऊ उजेड.

भिंतीवर चित्र प्रक्षेपित करायची सूचना आली होती. ताउलमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बसवलेली रंगवलेली नक्कल २०१३ साली काढली, भिंतीवरचे मूळ अवशेष जतन केले आणि त्यावर प्रकाशाने चित्र उभं केलं जातं. नकलेपेक्षा हे निश्चित बरं आहे : दिवा बंद केला की खरी भिंत दिसते. आपल्याकडे खरं चित्र शेजारीच आहे, त्यामुळे प्रक्षेपण नको.

पावसाळ्याआधीची कामं : चित्राच्या पेटीत सिलिका जेल २ किलो आणि आर्द्रतामापक, ६५ टक्क्यांच्या वर गेला की जेल बदलायचं, नाहीतर केसीन बुरशी धरतं. भिंत उघडी ठेवायची, तिला पेटीची गरज नाही, फक्त खालच्या प्लायला ओल लागू द्यायची नाही. हुकांचे नट दर महिन्याला तपासायचे, ३० किलो त्यांच्यावरच आहेत.